खतावणीत न लिहिलेली नदी

एप्रिल-मे महिन्यांत केरळमधील भारतपुळा नदीच्या पात्रात उभे राहिले, तर नदी शोधावी लागते. २०९ किलोमीटर लांबीची ही नदी केरळातील दुसऱ्या क्रमांकाची. तिच्या काठी मोठी मंदिरे, कलाशाळा आणि भाताची खाचरे यांचे एक समृद्ध जग उभे राहिले. परंतु भर उन्हाळ्यात तिच्या रुंद पात्रात मैलोगणती पसरलेली वाळू, त्या वाळूत उगवलेले गवत आणि एखाद्या कडेने सरकणारी पाण्याची बारीक धार एवढेच दृष्टीस पडते. वर्षानुवर्षांचा वाळूउपसा, उपनद्यांवर बांधलेली धरणे आणि उघडे पडलेले डोंगर यांची ही एकत्रित परिणती आहे.

त्याच दिवसांत, पालक्काड जिल्ह्याच्या डोंगरांत सैरंध्री नावाच्या ठिकाणी, तिच्याच खोऱ्यातील एक नदी खळाळत वाहत असते. तळाचे गोटे मोजता यावेत इतके तिचे पाणी नितळ. या नदीचे नाव कुंतीपुळा. मल्याळम भाषेत ‘पुळा’ म्हणजे नदी. पुढे मन्नारक्काडच्या सपाटीवर उतरून ती थूतापुळेला मिळते आणि तिच्यासह भारतपुळेत विलीन होते. दोन्ही प्रवाह एकाच खोऱ्यातील, एकाच मोसमी पावसावर पोसलेले. तरीही एक आटतो आणि दुसरा आटत नाही.

हा फरक ज्या रानामुळे पडला, त्याचा मध्यभाग सुमारे ४५ वर्षांपूर्वी धरणाच्या पाण्याखाली जाण्याच्या बेतात होता. तो वाचला तो केवळ भावनेच्या बळावर नव्हे. काही माणसांनी एका मोठ्या प्रकल्पाचा हिशेब पुन्हा मांडून पाहिला आणि त्यात जमेची एक मोठी रक्कम लिहिलीच गेली नव्हती, हे दाखवून दिले. व्यापारउदिमात वाढलेल्या कुटुंबांना ही कथा विशेष जवळची वाटावी, कारण ती मुळात एका अपुऱ्या ताळेबंदाची कथा आहे.

सैरंध्रीचे रान

निलगिरी पर्वताच्या नैऋत्य बाजूस वसलेल्या या प्रदेशाला इंग्रजी अमदानीपासून ‘सायलेंट व्हॅली’ म्हणजे निःशब्द दरी असे नाव पडले. येथे सिकाडा जातीच्या किड्यांची किरकिर ऐकू येत नाही म्हणून हे नाव पडले, असे एक मत. येथील दुर्मीळ वानराच्या ‘सायलेनस’ या शास्त्रीय नावावरून ते आले, असे दुसरे. स्थानिक नाव मात्र सैरंध्रीवन. वनवासातील पांडव या रानात राहिले अशी येथील लोककथा आहे. विराटाच्या राजवाड्यात द्रौपदीने घेतलेले नाव रानाला मिळाले आणि सासूचे नाव नदीला.

रॉबर्ट वाइट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८४७ मध्ये या दरीला भेट दिली. १९१४ मध्ये ती राखीव वन झाली. चहूबाजूंनी उभे कडे, उत्तरेकडे दोन हजार मीटरहून उंच डोंगर आणि आत जाण्यास बिकट वाट, अशा रचनेमुळे दरीच्या मध्यभागात मोठी वस्ती कधी झाली नाही. शेजारच्या अट्टप्पाडीच्या पठारावर इरुळ, मुडुग आणि कुरुंब या आदिवासी समाजांची गावे आहेत. पश्चिम घाटात इतरत्र चहा, कॉफी, रबर आणि सागाच्या लागवडीसाठी रान साफ होत असताना ही दरी बव्हंशी अस्पर्श राहिली.

हे उष्ण कटिबंधातील सदाहरित वर्षावन आहे. तीस-चाळीस मीटर उंचीचे वृक्ष, त्यांच्या माथ्यांनी विणलेले अखंड छत, त्याखाली मध्यम उंचीची झाडे, त्याखाली झुडपे, नेचे आणि वेत, असे त्याचे मजले असतात. सुमारे हजार जातींच्या सपुष्प वनस्पती आणि शंभराहून अधिक जातींची ऑर्किड येथे नोंदली गेली आहेत. काळी मिरी आणि वेलदोडा हे पदार्थ बाजारपेठेत पोत्यांनी येतात. परंतु त्यांचे मूळ घर पश्चिम घाटातील असली ओलसर राने हेच आहे आणि त्यांचे रानटी भाईबंद अजूनही तेथे आपोआप उगवतात.

या रानातील परस्परावलंबन समजून घेण्यासाठी कुलेनिया या एका वृक्षाकडे पाहिले तरी पुरे. त्याची फुले थेट फांदीच्या सालीतून झुबक्यांनी बाहेर पडतात आणि फळ लहानशा काटेरी फणसासारखे दिसते. कोरड्या महिन्यांत, जेव्हा रानात इतर फळे कमी असतात, तेव्हा त्याची मांसल फुले अनेक प्राण्यांचा आधार होतात. वटवाघळे, खारी आणि सिंहपुच्छ वानरे ती फुले खातात आणि खाताखाता परागकण एका झाडावरून दुसऱ्यावर नेतात. काळ्या अंगाचे, चेहऱ्याभोवती करड्या आयाळीचे आणि शेपटीच्या टोकाला गोंडा असलेले हे वानर जगात फक्त पश्चिम घाटाच्या कर्नाटक, केरळ आणि तमिळनाडूमधील भागात आढळते. ते क्वचितच जमिनीवर उतरते. झाडांच्या माथ्यांवरून माथ्यांवर त्याचा प्रवास चालतो. धनेश पक्षी मोठी फळे गिळून बिया दूरवर टाकतात. झाडे प्राण्यांना पोसतात आणि प्राणी झाडांची पुढची पिढी पेरतात. या साखळीतून एखादी कडी गळली, तरी पन्नास-शंभर वर्षे रान हिरवेच दिसेल. पण म्हाताऱ्या वृक्षांची जागा घेणारी रोपे त्याच्या सावलीत उरणार नाहीत.

रक्कम तीच, हप्ते वेगळे

जंगल आणि पाणी यांचा संबंध पुष्कळदा ढोबळपणे सांगितला जातो. ‘झाडे लावा म्हणजे पाऊस पडेल’ असे म्हटले जाते. प्रत्यक्ष व्यवहार याहून सूक्ष्म आहे. झाडे स्वतःही पाणी पितात आणि पानांवाटे हवेत सोडतात. त्यामुळे नदीत वर्षभरात वाहून येणाऱ्या पाण्याची एकूण बेरीज जंगलामुळे वाढतेच, असे नाही. जंगल बदलते ते वेळापत्रक.

सायलेंट व्हॅलीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातील मोठा वाटा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. उघड्या उतारावर पडणारा असा पाऊस मातीवर आदळतो, तिची छिद्रे बुजवतो, माती सोबत घेऊन काही तासांत ओढ्यात उतरतो आणि काही दिवसांत समुद्रात जातो. वर्षावनात मात्र थेंबाचा वेग आधी माथ्यावरील पानांवर मोडतो, मग मधल्या मजल्यावर, मग झुडपांवर. खाली पालापाचोळ्याचा जाड, कुजता थर असतो. त्याखालच्या मातीत मुळांनी, वाळवीने, गांडुळांनी आणि बुरशीच्या तंतूंनी असंख्य वाटा करून ठेवलेल्या असतात. त्या वाटांनी पाणी जमिनीत उतरते, खडकांच्या भेगांत साठते आणि पुढचे आठ महिने झऱ्यांवाटे थेंबाथेंबाने नदीला मिळत राहते.

व्यापाऱ्याच्या भाषेत सांगायचे, तर रक्कम तीच असते. हप्ते वेगळे पडतात. एका हंगामात सगळी रक्कम हाती येऊन उधळली जाणे आणि तीच रक्कम बारा महिने ठरलेल्या दिवशी मिळत राहणे, यांतील फरक दुकान चालवणाऱ्या कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. पहिल्या रीतीने पूर येतो आणि मग दुष्काळ. दुसऱ्या रीतीने विहिरींना पाणी राहते, भाताचे दुसरे पीक निघते आणि घरातील नळ उन्हाळ्यातही वाहतो. शिवाय जंगलातून येणारे पाणी आपल्यासोबत माती आणत नाही. त्यामुळे खाली असलेले जलाशय गाळाने लवकर भरत नाहीत.

याच डोंगररांगेत, थोड्या दक्षिणेकडील रानातून शिरुवाणी नदी निघते. तमिळनाडूतील कोइंबतूर या व्यापारी शहराला पिण्याचे पाणी तिच्या जलाशयातून मिळते आणि त्या पाण्याच्या गोडीचा कोइंबतूरकरांना मोठा अभिमान आहे. गिरण्या, यंत्रे आणि कापडाचा व्यापार यांवर वाढलेल्या त्या शहराने ते रान स्वतः लावलेले नाही. पण त्याचा हप्ता शहराला रोज मिळतो.

प्रकल्पाची बाजू

कुंतीपुळेवर सैरंध्रीजवळ, दोन कड्यांच्या मधल्या अरुंद खिंडीत धरण बांधता येईल, ही कल्पना १९२८ पासूनची. केरळ राज्याच्या वीज मंडळाने १९७०च्या सुमारास तिला आकार दिला आणि १९७३ मध्ये नियोजन आयोगाने मंजुरी दिली. सुमारे १३० मीटर उंचीचे धरण, प्रारंभी १२० मेगावॅट वीज, पालक्काड आणि मलप्पुरम या जिल्ह्यांतील सुमारे दहा हजार हेक्टर शेतीला पाणी आणि बांधकामाच्या काळात हजारो हातांना काम, असे प्रकल्पाचे लाभ होते. बुडणार होते सुमारे ८३० हेक्टर क्षेत्र.

ही बाजू हलकी नव्हती आणि ती मांडणारे लोक दुष्टही नव्हते. उत्तर केरळचा मलबार भाग राज्याच्या दक्षिण भागाच्या तुलनेत मागे राहिला होता. तेथे उद्योग थोडे, बेकारी मोठी आणि विजेचा दाब इतका कमी की यंत्रे चालत नसत. प्रकल्पामुळे एकही गाव उठवावे लागणार नव्हते, हा तर फार मोठा गुण होता. दरीचे क्षेत्र सुमारे ९० चौरस किलोमीटर आणि बुडणार होते त्यातील दहावा हिस्साही नाही. मग एवढा गदारोळ कशासाठी, असा प्रश्न विचारला जाई. वानरांसाठी माणसांना अंधारात ठेवायचे काय, या प्रश्नाने अनेक सभा जिंकल्या जात.

कागदावर पाहता हिशेब चोख होता. खर्चाच्या बाजूला सिमेंट, पोलाद, मजुरी आणि व्याज. जमेच्या बाजूला वीज, पाणी आणि रोजगार. बुडणाऱ्या रानासाठी लाकडाची किंमत धरली होती. परंतु उभे रान वर्षानुवर्षे जे काम करीत होते, त्यासाठी खतावणीत पानच उघडलेले नव्हते. ज्या वस्तूचा बाजारात भाव निघत नाही, तिची किंमत शून्य धरण्याची ही चूक होती.

हिशेबतपासनीस

पहिली तपासणी सरकारी समितीनेच केली. झफर फत्तेहअली हे मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीशी निगडित असलेले निसर्गअभ्यासक. त्यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटाच्या अभ्यासासाठी १९७६ मध्ये एक कार्यगट नेमला गेला. प्रकल्प सोडून द्यावा, अशी शिफारस त्याने केली. परंतु अहवालात एक पर्यायी सूचनाही होती. प्रकल्प टाळणे शक्यच नसेल, तर अमुक सतरा दक्षता घ्याव्यात, असे त्यात म्हटले होते. राज्य शासनाने नेमकी ती सूचना उचलली. दक्षता पाळण्याचे आश्वासन देऊन काम पुढे नेण्याचे ठरले. आधी नकार आणि मग सशर्त होकार असे दोन्ही एकाच कागदावर लिहिले, तर समोरचा पक्ष कोणते वाक्य निवडतो, याचा हा धडा व्यवहारात मुरलेल्या माणसांना नवा नाही.

दुसरी तपासणी लोकांनी केली. केरळ शास्त्र साहित्य परिषद ही १९६२ मध्ये स्थापन झालेली संस्था मल्याळम भाषेतून विज्ञान लोकांपर्यंत नेण्याचे काम करीत होती. शिक्षक, डॉक्टर आणि अभियंते तिचे सभासद. वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक एम. के. प्रसाद यांनी या प्रकल्पाविरुद्ध लेखणी उचलली, तेव्हा संस्थेतील अनेकांनाही ते पटले नव्हते. मग संस्थेने वाद मिटवण्याचा मार्ग निवडला तो अभ्यासाचा. वनस्पतिशास्त्र, विद्युत अभियांत्रिकी, शेती आणि अर्थशास्त्र अशा वेगवेगळ्या विषयांतील जाणकार एकत्र बसले आणि त्यांनी प्रकल्पाचे आकडे एकेक करून तपासले.

त्यांचा निष्कर्ष असा की मलबारची विजेची गरज खरी आहे, पण तिचे उत्तर एकट्या या धरणात नाही. इडुक्कीचा मोठा प्रकल्प सुरू झाल्यावर राज्यात वीज उपलब्ध होती, काही वीज बाहेर विकलीही जात होती. मलबारपर्यंत ती पोचवणाऱ्या वाहिन्या मात्र अपुऱ्या होत्या. वाटेतील गळती कमी केली आणि वाहिन्या सुधारल्या, तर तूट बरीच भरून निघेल. परिषदेच्या कार्यकर्त्यांनी हा हिशेब पुस्तिकांतून आणि सभांतून गावोगावी नेला. विरोधाला पर्यायाची जोड मिळाली, म्हणूनच तो टिकला.

‘फक्त दहावा हिस्सा’ या युक्तिवादालाही उत्तर मिळाले. बुडणारा पट्टा क्षेत्रफळाने लहान असला, तरी तो नदीकाठचा, दरीच्या मध्यातला होता. झाडांच्या माथ्यांवरून फिरणाऱ्या सिंहपुच्छ वानरांच्या टोळ्या त्यामुळे दोन बाजूंना तुटल्या असत्या. शिवाय धरणासोबत रस्ते येतात, मजुरांच्या वसाहती येतात, सरपणासाठी तोड येते, शिकार येते. ओळीने दहा टक्के लिहिलेला तोटा प्रत्यक्षात तेवढ्यावर थांबत नाही.

शास्त्रज्ञांसोबत कवीही उभे राहिले. कवयित्री सुगतकुमारी यांच्या पुढाकाराने मल्याळम साहित्यिक या प्रश्नावर एकत्र आले. त्यांची ‘झाडांचे कवी’ म्हणून चेष्टा झाली. त्यांनी ती चेष्टा बिरुदासारखी मिरवली. पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली यांनी दरी पाहून प्रकल्प रद्द करण्याचे आवाहन केले. तेव्हाचे केंद्रीय कृषी सचिव एम. एस. स्वामीनाथन यांनी १९७९ मध्ये भेट देऊन सुचवले की सायलेंट व्हॅली आणि तिला लागून असलेली वने मिळून सुमारे ३९ हजार हेक्टरांचे संरक्षित वर्षावन करावे. पिकांच्या रानटी नातलगांचे मोल ते जाणून होते. भाताचे पीक खुरटवणाऱ्या एका विषाणूवर उपाय शोधताना जगभरच्या हजारो वाणांची तपासणी झाली होती. प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर भारतातून गोळा केलेल्या एका रानटी भाताच्या नमुन्यात. त्या गुणाच्या आधारे तयार झालेले भाताचे वाण पुढे आशियाभर लाखो शेतांत पेरले गेले. कोणत्या रानातील कोणती वेल उद्या मिरीचे वा वेलदोड्याचे पीक वाचवील, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. म्हणूनच कोठार जाळून मोकळे होणे शहाणपणाचे नाही.

निर्णय आणि त्यानंतर

राजकारणाच्या पटावर निर्णय हेलकावे खात राहिला. मोरारजी देसाई यांच्या शासनाने प्रकल्पाला हिरवा कंदील दाखवला. उच्च न्यायालयात अर्ज झाले, काम थांबले, पुन्हा सुरू होण्याच्या बेतात आले. जानेवारी १९८० मध्ये इंदिरा गांधी पुन्हा पंतप्रधान झाल्या आणि त्यांनी राज्याला फेरविचार करण्यास सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्य शासनाने सायलेंट व्हॅलीला राष्ट्रीय उद्यान घोषित केले. मात्र धरणाची जागा तेवढी वगळून. तिजोरीला कुलूप लावून किल्ली बाहेर ठेवावी, तसा हा प्रकार होता.

अखेर केंद्र आणि राज्य यांची संयुक्त समिती नेमली गेली. अध्यक्षस्थानी भौतिकशास्त्रज्ञ एम. जी. के. मेनन होते आणि सदस्यांत पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ. समितीच्या अहवालानंतर १९८३ मध्ये प्रकल्प सोडून देण्यात आला. १५ नोव्हेंबर १९८४ रोजी धरणाच्या जागेसह ८९.५२ चौरस किलोमीटरचे राष्ट्रीय उद्यान घोषित झाले. त्यापूर्वी पंधराच दिवस इंदिरा गांधी यांची हत्या झाली होती. ७ सप्टेंबर १९८५ रोजी राजीव गांधी यांच्या हस्ते उद्यानाचे उद्घाटन झाले. १९८६ मध्ये देशातील पहिले जैवमंडळ राखीव क्षेत्र निलगिरीत स्थापन झाले, तेव्हा ही दरी त्याच्या गाभ्यात आली.

कथा येथे संपली नाही. २००१ नंतर त्याच नदीवर, उद्यानाच्या सीमेबाहेर अगदी जवळ, पात्रक्कडवु येथे नव्या जलविद्युत प्रकल्पाची योजना पुढे आली. पुन्हा सभा झाल्या, पुन्हा आकडे तपासले गेले. २००७ मध्ये राज्य शासनाने उद्यानाभोवती १४८ चौरस किलोमीटरचा संरक्षक पट्टा जाहीर केला आणि त्या योजनेची वाट बंद झाली. राखणे हे काम एकदाच करून संपत नाही. दुकानाची शिल्लक जशी दर दिवाळीला मोजावी लागते, तशी वनाचीही मोजावी लागते.

या निर्णयाची किंमतही प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ती १२० मेगावॅट वीज केरळला मिळाली नाही. आजही ते राज्य आपल्या विजेचा मोठा भाग बाहेरून विकत घेते. तेव्हा धरणाची बाजू घेणाऱ्यांना हा तोटा दिसत होता आणि तो खोटा नव्हता. परंतु वीज दुसऱ्या ठिकाणी, दुसऱ्या मार्गाने निर्माण करता येते आणि तारेवरून आणता येते. वर्षावन कोठूनही आणता येत नाही. भरून येणारा तोटा आणि कधीच न भरून येणारा तोटा, यांत निवड करायची वेळ आली, तेव्हा पहिला पत्करला गेला. एप्रिलमध्ये वाहणारी कुंतीपुळा त्या निवडीची पावती आहे.

सह्याद्रीतील चार स्थाने

२०१२ मध्ये युनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांची एकत्रित नोंद जागतिक वारसा म्हणून केली. त्यांत सायलेंट व्हॅली आहे आणि महाराष्ट्रातील कास पठार, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही चार स्थळेही आहेत. ही नावे वाचताना बहुतेकांना फुले, गवे किंवा वाघ आठवतात. त्यांच्याकडे पाण्याच्या बाजूने पाहिले, तर वेगळीच यादी तयार होते. कासचा तलाव सातारा शहराला पाणी देतो. चांदोलीच्या रानातून वारणा येते आणि सांगलीकडे जाते. राधानगरीच्या डोंगरांतील भोगावती पंचगंगेला मिळून कोल्हापूरला पोचते. कोयनेच्या पाण्यावर महाराष्ट्रातील उद्योगांना वीज मिळाली आणि तीच कोयना कऱ्हाडला कृष्णेला भेटते. सांगलीची हळद, कोल्हापूरचा गूळ आणि तेथील पेढ्यांची भरभराट यांच्या मुळाशी या चार रानांचा हप्ता आहे.

महाराष्ट्राने कोयनेवर धरण बांधले, केरळने कुंतीपुळेवर बांधले नाही. दोन्ही निर्णय आपापल्या काळाचे. परंतु धरण बांधले म्हणून रानाची गरज संपली, असे कोयनेतही झाले नाही. शिवसागर जलाशयाभोवतीच्या उतारांवर रान उभे आहे, तोवर त्यात येणारे पाणी स्वच्छ राहील आणि गाळ कमी येईल. धरण हे भांडे आहे. ते भरणारा हात वरच्या डोंगरात आहे.

दानाची दिशा

व्यापारी कुटुंबांत दानाची परंपरा मोठी आहे आणि अलीकडे वाढदिवस, पुण्यस्मरण किंवा पेढीचा वर्धापनदिन यांच्या निमित्ताने वृक्षारोपण करण्याची चांगली रीत रुजली आहे. सायलेंट व्हॅलीची कथा त्या दानाला एक पुढची पायरी सुचवते. एका रांगेत लावलेली हजार रोपे ही हजार झाडे होतील, पण ती वर्षावन होणार नाहीत. वर्षावनाची माती, बुरशी, वेली, परागवाहक वटवाघळे आणि बिया पेरणारे धनेश रोपवाटिकेत मिळत नाहीत. म्हणून नवे झाड लावण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक पुण्याचे काम म्हणजे उभे असलेले जुने रान राखणे. घाटमाथ्यावरील देवराईभोवती कुंपण, उन्हाळ्यात वणवा विझवणाऱ्या गावकऱ्यांचा पगार, वनाशेजारच्या गावांना सरपणाऐवजी दुसरे इंधन, अशा कामांना पाटी लावता येत नाही आणि छायाचित्रही फारसे निघत नाही. परंतु नदीच्या खात्यावर त्यांची नोंद होते.

त्याची सुरुवात एका साध्या प्रश्नाने होऊ शकते. घरातील नळाला येणारे पाणी कोणत्या नदीचे, ती नदी कोणत्या डोंगरात उगम पावते आणि त्या डोंगरावर आज काय उभे आहे, हे घरातील मुलांना विचारावे. त्यांना सांगता आले नाही, तर सुट्टीत तेथवर घेऊन जावे. पाणी गाळून आणि मोजून वापरण्याचा संस्कार ज्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला, त्यांना हा प्रश्न परका वाटणार नाही. घरातील गाळण्याच्या कितीतरी आधी, डोंगरावर, पानांच्या आणि मुळांच्या थरांतून ते पाणी एकदा गाळले गेलेले असते. कुंतीपुळेच्या काठी ते गाळणे अजून शाबूत आहे. इतर नद्यांच्या उगमाशी ते तसे राहील की नाही, हे येत्या काही वर्षांचे हिशेब किती पूर्ण लिहिले जातात, यावर ठरेल.